मुलांची पुस्तके आणि त्यांची मुखपृष्ठे



जून महिना उजाडला, की आपल्या घराघरांत एक छोटासा सोहळा होतो. नव्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरे घालायचा. वडील कात्री घेऊन बसतात, आई डिंक शोधून देते, आणि मूल शेजारी बसून पुस्तकावरचे चित्र शेवटचे एकदा पाहून घेते. एकदा कागद चढला, की ते चित्र वर्षभर दिसायचे नाही, हे त्याला ठाऊक असते. पुस्तक टिकावे म्हणून आपण हे करतो, आणि शाळेच्या पुस्तकाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडतही नाही. वर चित्र असो वा नसो, ते पुस्तक मुलाला वाचावेच लागते.

गोष्टीच्या पुस्तकाचे मात्र तसे नाही. ते हातात घ्यायचे की नाही, हे मूल आपले आपण ठरवते. आता ते कशावरून ठरवते, पाहा. लेखकाचे नाव त्याने बहुधा ऐकलेले नसते. प्रस्तावना ते वाचत नाही. किंमत आपण पाहतो. ते पाहते फक्त मुखपृष्ठ. क्षणभर पाहते, आणि तेवढ्यात त्याच्या मनात एक अंदाज उभा राहतो: यात लढाई असणार, यात भूत असणार, यात उपदेश असणार, यात रडायला लागणार. हा अंदाज बरोबर असो की चूक, पुढचे सारे वाचन त्याच्यावर अवलंबून असते. आजच्या भाषणात मला याच गोष्टीविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. ऐकणाऱ्यांत शिक्षक बंधुभगिनी असतील, गावच्या वाचनालयाचे कार्यकर्ते असतील. त्यांच्याशी विशेषकरून बोलायचे आहे.

चित्राने माणूस कसा ओढला जातो, हे कोल्हापूरकरांना मुद्दाम सांगायला नको. आपले कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नुसते चित्रपट काढीत नसत, आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाचे भित्तिपत्रक देशातल्या सर्वांत जुन्या, आजवर टिकून राहिलेल्या चित्रमय भित्तिपत्रकांत गणले जाते. त्या काळी चित्रपट मुका होता आणि पुष्कळ प्रेक्षकांना अक्षरओळख नव्हती. आत काय पाहायला मिळणार, ते भिंतीवरचे चित्र सांगे. तिकिटाचे पैसे काढायचे की नाही, ते त्या चित्रापाशीच ठरे. पुस्तकाच्या दुकानात किंवा शाळेच्या कपाटापुढे उभे राहिलेले आठ-दहा वर्षांचे मूल हे त्या प्रेक्षकासारखेच असते. त्याला वाचता येते खरे, पण आधी ते पाहते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी गेलो होतो. कपाटात पुस्तके पुष्कळ होती. “मुलं वाचतच नाहीत हो,” असे तिथले गुरुजी कळवळून सांगत होते. माणूस तळमळीचा होता. पुस्तके फाटू नयेत म्हणून त्यांनी सगळीच्या सगळी पक्क्या पुठ्ठ्यात बांधून घेतली होती. काळपट तपकिरी पुठ्ठा, वर कापडी पट्टी आणि पट्टीवर क्रमांक. साऱ्या पुस्तकांचा एकच गणवेष. मी त्यातून ‘श्यामची आई’ बाहेर काढले. माझ्या पिशवीत त्याच पुस्तकाची एक नवी प्रत होती. तिच्यावर रंगीत चित्र होते, डोक्यावर पदर घेतलेली आई आणि तिला बिलगलेला मुलगा. दोन्ही पुस्तके मी पाचवीच्या वर्गात टेबलावर ठेवली आणि म्हटले, “न उघडता सांगा बघू, आत काय असेल?”

बांधलेल्या पुस्तकाकडे पाहून एक मुलगी म्हणाली, “हिशेबाची वही.” दुसरा म्हणाला, “हजेरी.” मग रंगीत प्रत पुढे केली. आता वर्गाला कंठ फुटला. “आई मरत्या ह्यात शेवटाला.” “गुर्जी, ह्यात रडायचं असतंय.” मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा म्हणाला, “हे पोरींचं पुस्तक हाय.” वर्ग हसला. मी विचारले, “तू वाचलंयस?” तो म्हणाला, “न्हाई. चित्रावरनं कळतंय की.”

श्रोतेहो, त्या मुलाचे उत्तर मला पुष्कळ दिवस पुरले. एका प्रतीने त्याला काहीच सांगितले नव्हते. दुसरीने सांगितले होते, पण अर्धेच.

‘श्यामची आई’ कसे लिहिले गेले, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम महाराष्ट्राच्या मनात इतके ठसले, की पुस्तक न वाचलेल्यांनाही ‘श्यामची आई’ म्हणजे काय ते माहीत आहे असे वाटू लागले. मुखपृष्ठांनीही तेच चित्र धरून ठेवले. बहुतेक आवृत्त्यांवर आई आणि मूल, त्यांची माया, त्यांचे कारुण्य. हे चित्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. पुस्तकात ते कारुण्य आहेच, आणि शेवटी डोळे भरून येतातच. परंतु पुस्तकात तेवढेच आहे काय?

पोहायला जायला लागू नये म्हणून दडून बसणारा श्याम त्यात आहे. त्याला छडी घेऊन बाहेर काढणारी आणि विहिरीवर धाडणारी आई त्यात आहे. हीच आई सावकाराकडून वसुलीला आलेला माणूस अद्वातद्वा बोलू लागताच बाहेर येते आणि त्याला अशी फैलावर घेते, की वाचणारा ताठ बसतो. कोकणातले पालगड आहे, तिथली फुले, पत्रावळी, गाय, नदी आहे. आणि या सगळ्याची बैठक कशी आहे? आश्रमात रात्री मित्र जमले आहेत, आणि श्याम त्यांना रोज एक आठवण सांगतो आहे. पुस्तकाच्या भागांना प्रकरणे म्हटलेले नाही. त्यांना रात्री म्हटले आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. म्हणजे हे मुळात ऐकायचे पुस्तक आहे, आपल्या नभोवाणीसारखे. आता समजा, त्याच्या मुखपृष्ठावर कंदिलाभोवती बसलेली मंडळी असती, किंवा पाण्याकडे भीतभीत पाहणारा एक पोरगा असता, तर आमच्या त्या उंच मुलाने ते हातात घेतले असते की नाही? मला वाटते, घेतले असते.

ही कल्पना आता नुसती कल्पना राहिलेली नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके कोणालाही छापता येतात, आणि अनेकजण छापतात. शब्द तेच आणि मुखपृष्ठे निरनिराळी. कुठे रंगवलेले चित्र, कुठे साधी रेघ, कुठे नुसती मोठी अक्षरे. शिक्षकांना ही आयतीच संधी आहे. दोन निरनिराळ्या प्रती मुलांपुढे ठेवाव्यात आणि विचारावे, “या दोघांतली कोणती तुला वाचावीशी वाटते, आणि का?” त्या ‘का’च्या उत्तरात मूल चित्र वाचायला शिकते.

मुखपृष्ठ वाचकाचा अंदाज ठरवते, ही गोष्ट बाहेरच्या जगातही जाणत्या लोकांनी फार पूर्वी ओळखली. लुइस कॅरल यांचे ‘ॲलिस’चे पुस्तक १८६५ साली लंडनला निघाले. त्याच्या कापडी बांधणीचा रंग कोणता असावा, याचा लेखकाने स्वतः विचार केला आणि प्रकाशकाला कळवले, की भडक लाल असू द्या. कलेच्या दृष्टीने तो सर्वोत्तम नसेल कदाचित, पण मुलांच्या डोळ्यांना तोच भुलवील. त्या काळी मुलांना द्यायची पुस्तके बहुतेक बोधपर असत. हे पुस्तक तसले नाही, ते आपल्यासाठी आहे, ही खूण मुलांना बाहेरूनच पटावी, असा त्यातला हिशेब.

याच्या उलटा प्रकार अलीकडचा. ‘हॅरी पॉटर’चे पहिले पुस्तक १९९७ साली इंग्लंडात आले. मोठी माणसेही ते आवडीने वाचू लागली. पण चारचौघांत मुलांचे चित्रमय पुस्तक उघडून बसायचे म्हणजे संकोच वाटणारच. तेव्हा प्रकाशकांनी १९९८ साली त्याच पुस्तकाची मोठ्यांसाठी वेगळी प्रत काढली. आतला मजकूर अक्षर न अक्षर तोच, वर मात्र गंभीर, काळे-पांढरे छायाचित्र. तेवढ्या बदलाने मुलांचे पुस्तक मोठ्यांचे झाले.

कधीकधी मुखपृष्ठ पुस्तकाला लहानही करून टाकते. ‘गलिव्हर’ची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचलेली आहे. डोळ्यांपुढे काय येते? समुद्रकिनारी उताणा पडलेला माणूस, त्याला दोऱ्यांनी जखडलेले, आणि अंगावर मुंग्यांसारखी धावणारी वीतभर उंचीची माणसे. मुलांच्या आवृत्त्यांवर बहुधा हेच चित्र असते. जोनाथन स्विफ्ट यांचे मूळ पुस्तक १७२६ सालचे. ते मुलांसाठी लिहिलेले नव्हते. माणसांच्या गर्वाची आणि राज्यकारभाराची ती कडक थट्टा होती. त्यात चार प्रवास आहेत. बुटक्यांचा देश हा त्यातला पहिलाच. शेवटच्या प्रवासात तर घोडे शहाणे आहेत आणि माणसासारखा दिसणारा प्राणी रानटी आहे. पण ते एक चित्र इतके गाजले, की पुष्कळांच्या लेखी बुटक्यांबरोबरच पुस्तक संपले. मोठेपणी ते पुन्हा उघडावे असे त्यांना वाटत नाही. ते लहान मुलांचे आहे, असे मुखपृष्ठाने कायमचे सांगून ठेवलेले असते.

आता आपल्या मराठी मुखपृष्ठांकडे येऊ. ही चित्रे काढणारी माणसे कोण, हे आपण मुलांना सहसा सांगत नाही. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) ही दोन नावे मागच्या पिढीला घरच्यासारखी होती. त्यांचे काम किती अवघड होते, पाहा. ठशांवर छपाई होत असे, त्या काळी प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागे. जितके रंग, तितके ठसे, तितक्यांदा कागद यंत्रातून जायचा, आणि तितका खर्च. मुलांचे पुस्तक तर स्वस्तच ठेवायचे. मग दोन किंवा तीन रंगांत भागवायचे. म्हणून जुन्या मुखपृष्ठांवर गर्दी नसे. एखादी ठळक आकृती, मागे सपाट रंग आणि मोठी अक्षरे. गरिबीतून आलेली ही पद्धत मुलांना मात्र सोयीची झाली; लांबून पाहिले तरी ती आकृती मनात बसे.

आपल्या कोल्हापुरात जन्मलेले वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांचे नावही येथे घेतले पाहिजे. व्यंगचित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, परंतु पु. ल. देशपांड्यांच्या आणि इतर अनेकांच्या पुस्तकांना त्यांनी चित्रे दिली. त्यांची रेघ पाहिली, की आत हसायला मिळणार, आणि हसता हसता विचारही करावा लागणार, हे वाचकाला आधीच समजे. मुखपृष्ठाचे खरे काम हेच. आतल्या मजकुराचा स्वभाव त्याने सांगावा, पण शेवट सांगू नये.

मुलांच्या आवडत्या नायकांची गोष्ट तर आणखी मजेची. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा ‘फास्टर फेणे’ हा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात तो चांगला मोठा तरुण झाला. ज्या मुलाने आधी तो तरुण पाहिला, ते पुस्तकात पिस्तुले आणि मारामाऱ्या शोधू लागते. ज्याने मुखपृष्ठावरचा किडकिडीत पोरगा आधी पाहिला, ते मनाशी म्हणते, हा तर आपल्याच वर्गातला. दोघांच्या हातात पुस्तक एकच असते, पण दोघे निरनिराळ्या दारांनी आत शिरतात.

आणि दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’? तो तर मुळात नभोवाणीवरचा. आकाशवाणीच्या मुलांच्या कार्यक्रमातून तो आधी ऐकू आला, पुस्तकात मागाहून आला. तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात त्याचा बोक्या वेगळा होता. कोणाचा काळासावळा, कोणाचा गोरा, कोणाचा शेजारच्या गल्लीतल्या दोस्तासारखा. पुस्तकावर चित्र आले, आणि सगळ्यांना मिळून एकच बोक्या मिळाला. यात काही मिळाले, काही गेलेही. म्हणून मी शिक्षकांना सुचवीन, की अधूनमधून एखादी गोष्ट मुखपृष्ठ न दाखवताच वाचून दाखवावी आणि चित्र मागाहून दाखवावे. मुलांना आपले चित्र आणि चित्रकाराचे चित्र ताडून पाहता येते.

आता पुन्हा त्या तपकिरी पुठ्ठ्याकडे. कोल्हापूरला वाचनाची परंपरा जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. वाचायला शिकवण्याची काळजी आपल्या मुलखाने घेतली. त्या शिकलेल्या मुलाला कपाटापर्यंत आणण्याचे काम मात्र रोजचे आहे, आणि ते खेड्यात अधिक अवघड. शहरातले मूल दुकानाच्या काचेतून पन्नास मुखपृष्ठे पाहते. खेड्यातल्या मुलाला दिसते ते शाळेचे एक कपाट, बहुधा कुलूपबंद, आणि आत क्रमांकांची रांग. पुस्तके नाहीत म्हणून ते मूल वाचत नाही, असे नेहमीच नसते. पुस्तके आहेत, पण ती त्याच्याशी बोलत नाहीत.

यावर फार पैसा लागत नाही. चार-पाच साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पुस्तक बांधायला देताना बाइंडरला निक्षून सांगावे, की मुखपृष्ठ टाकू नका. ते अलगद सोडवून घ्यावे आणि नव्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवावे. खळीत चिमूटभर मोरचूद घातले तर कसर लागत नाही. मात्र मोरचूद विषारी असते, ते काम मोठ्या माणसाने करावे, मुलांच्या हाती देऊ नये. वरून पारदर्शक कागद लावला की झाले.

दुसरी गोष्ट, ज्या पुस्तकांची मुखपृष्ठे आधीच गेली आहेत, त्यांना मुलांकडून नवी काढून घ्यावीत. पण पुस्तक वाचून झाल्यावर. न वाचता काढलेले चित्र दुसऱ्याची नक्कल असते.

तिसरी गोष्ट, वर्गात एक दोरी बांधावी आणि वर्तमानपत्राच्या दुकानात अंक टांगतात तशी दहा पुस्तके उघडी टांगावीत. कणा आत, चित्र बाहेर. दर सोमवारी पुस्तके बदलावीत. ज्यांना पुस्तके कमी पडतात त्यांच्यासाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे. ते १९७१ साली सुरू झाले आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर व मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. पन्नास वर्षांची मुखपृष्ठे एका जागी बसून पाहणे हाच एक सुंदर पाठ होईल.

चौथी गोष्ट, लेखकाच्या नावाबरोबर चित्रकाराचेही नाव मुलांना सांगावे. ते बहुधा आतल्या पानावर बारीक अक्षरांत असते. मुलांना शोधायला लावावे.

आणि शेवटची. वाचण्यापूर्वी मुलाला विचारावे, “आत काय असेल?” वाचून झाल्यावर विचारावे, “चित्रानं खरं सांगितलं का?” एवढ्या दोन प्रश्नांनी मूल पुस्तकाकडेच नव्हे, तर पुढे बाजारातल्या जाहिरातीकडे, निवडणुकीच्या फलकाकडेही जरा थांबून पाहायला शिकते. वरचे पाहून आतले ठरवू नये, हे आपण मुलांना नुसते सांगतो. येथे ते त्यांना स्वतः पडताळून पाहता येते.

त्या पाचवीच्या वर्गात मी त्या दिवशी ‘श्यामची आई’मधली पोहण्याची रात्र वाचून दाखवली. वर्ग गप्प होता. मधूनच हसत होता. वाचून झाल्यावर कागद वाटले आणि म्हटले, “या पुस्तकाचे मुखपृष्ठ तुम्ही काढा.” बहुतेकांनी आई काढली. मागच्या बाकावरच्या त्या उंच मुलाने एक विहीर काढली होती. काठावर एक छोटा मुलगा, पाय मागे ओढून उभा. आणि दूर, घराच्या दारात, हातात छडी घेतलेली एक बाई. मी विचारले, “ही कोण रे?” तो म्हणाला, “आईच की. पर ती रडत न्हाई ह्यात.”

सुटीची घंटा झाली तेव्हा ते पुस्तक टेबलावर नव्हते. तोच ते घेऊन गेला होता.

श्रोतेहो, आपल्या कपाटातली पुस्तके एकदा बाहेर काढून पाहा. त्यांची तोंडे भिंतीकडे असतील, तर ती मुलांकडे वळवा. एवढीच विनंती.